वाचकांचे प्रश्न : मोटारीने फ्लोरिडाला जाताना

नाताळ जवळ आला की अमेरिकेच्या थंड भागांत राहणाऱ्या वाचकांची पत्रे फ्लोरिडाचा रस्ता विचारत येऊ लागतात. या वेळच्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात विचारलेल्या गोष्टी इतर पुष्कळ पत्रांतही थोड्याफार फरकाने आल्या होत्या.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत; सासऱ्यांचे वय ६८, सासूबाईंचे ६४. मुले ९ आणि ५ वर्षांची आहेत. नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा जण आमच्या मिनिव्हॅनने ऑरलँडोला जायचे म्हणतो. यजमानांचे म्हणणे असे की रात्री आठला निघावे आणि एका दमात दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचावे. सासरे म्हणतात, पुणे–बेंगळुरू रस्त्यावर तीस वर्षे गाडी चालवली आहे, मधला टप्पा मी चालवीन. मला दोन्ही बेतांची धास्ती वाटते. मुक्काम करायचा तर कुठे करावा? आय-९५ हा महामार्ग बरा की डोंगराच्या कडेने जाणारा आय-८१? आणि जेवणाखाण्याचे कसे जमवावे?

उत्तर : आपली धास्ती अनाठायी नाही, परंतु आपल्या यजमानांच्या बेतातही एक गोष्ट शहाणपणाची आहे आणि तिच्यापासूनच सुरुवात करतो. एडिसन ते ऑरलँडो हे अंतर सुमारे १,०५० मैल, म्हणजे जवळजवळ १,७०० किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असेल तर चाके फिरण्याचा वेळ सोळा तासांच्या आसपास धरावा. मात्र या रस्त्यावर सगळे मैल सारखे नाहीत. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला स्प्रिंगफील्डपासून फ्रेडरिक्सबर्गपर्यंतचे चाळीस-पंचेचाळीस मैल कधी पाऊण तासात सरतात, तर कधी त्यांना अडीच-तीन तास लागतात, आणि सुट्टीच्या दिवसांत दुसरीच शक्यता अधिक असते. यजमान रात्री आठला निघाले तर मध्यरात्रीच्या सुमारास वॉशिंग्टन ओलांडतील; तेवढ्यापुरता त्यांचा हिशेब बरोबर आहे. पुढे मात्र पहाटे तीन ते सहा या वेळेत, डोळ्यांवर सर्वांत जास्त झापड येते तेव्हा, ते कॅरोलायनांत असतील, जिथे दोन्ही बाजूंना मैलोगणती पाइनची झाडे, सरळसोट रस्ता, साउथ कॅरोलायनात तर बहुतेक ठिकाणी जाण्यासाठी दोनच लेन, आणि त्या दोन्हींत ट्रक असा प्रकार आहे. मागे चार जण झोपलेले असताना एकट्याने जागे राहून चालवण्याचा हा टप्पा नव्हे.

म्हणून माझा सल्ला असा आहे की यजमानांचा हिशेब ठेवावा, फक्त घड्याळ बदलावे. शनिवारी पहाटे चारला निघावे. सव्वापाच-साडेपाचला डेलावेअर मेमोरियल ब्रिज, साडेसहा-पावणेसातला बाल्टिमोर आणि आठच्या आत वॉशिंग्टनच्या खालचा पोटोमॅक नदीवरचा पूल असे साधले, तर उरलेल्या दिवसाची चिंता करावी लागत नाही. दहा-साडेदहाला निघणाऱ्यांना त्याच ठिकाणी भर दुपार होते. मी स्वतः पहिल्या खेपेस शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालो होतो आणि फ्रेडरिक्सबर्गला रात्री एकला पोहोचलो, तेव्हा घरच्या मंडळींनी जे ऐकवले ते इथे छापण्यासारखे नाही.

निघताना पहिली फसगत आपल्या दारातच होऊ शकते. न्यू जर्सी टर्नपाइक या टोलरस्त्याने दक्षिणेला जाताना आय-९५ ची पाटी सहाव्या एक्झिटला टर्नपाइक सोडते आणि पेनसिल्व्हेनियात शिरून फिलाडेल्फियाकडे जाते. २०१८ मध्ये तिथला जोडरस्ता पूर्ण झाल्यापासून ही रचना आहे. जीपीएसकडे न पाहता केवळ ‘९५ साउथ’च्या पाट्यांमागे गेलात तर फिलाडेल्फियाचे दर्शन घडेल. आपण टर्नपाइक शेवटपर्यंत सोडू नये. तो डेलावेअर मेमोरियल ब्रिजवर नेतो आणि पूल ओलांडल्यावर थोड्याच मैलांत आय-९५ पुन्हा भेटतो.

टोलचा सगळा जाच बाल्टिमोरपर्यंतच आहे. टर्नपाइक, हा पूल, डेलावेअरचा टोलनाका आणि बाल्टिमोरचा बोगदा हे पार पडले की ऑरलँडोच्या वेशीपर्यंत आय-९५ च्या नेहमीच्या लेनना टोल नाही. (मेरिलँडमध्ये सस्क्वेहॅना नदीच्या पुलाचा टोल फक्त उत्तरेकडे येताना घेतात, म्हणजे तो परतीच्या खर्चात धरावा.) मेरिलँडमध्ये रोख पैसे घेतच नाहीत, ईझीपास (टोल आपोआप कापणारे यंत्र) नसेल तर नंबरप्लेटचा फोटो काढून जास्त दराचे बिल घरी पाठवतात. आपला न्यू जर्सीचा ईझीपास ऑरलँडोच्या टोलरस्त्यांवरही चालतो, तेव्हा तिथे वेगळा पास घेण्याची गरज नाही. बाल्टिमोरच्या बाहेरून जाणारा आय-६९५ पूर्वी काही जण वापरत, पण त्यावरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल २६ मार्च २०२४ रोजी मालवाहू जहाजाच्या धडकेने कोसळला, म्हणून जुन्या माहितगारांचा तो सल्ला आता ऐकू नये.

वॉशिंग्टनखालच्या त्या कुप्रसिद्ध टप्प्यासाठी एक तोडगा आहे आणि तो आपल्यासारख्या सहा जणांच्या गाडीला अगदी फुकट आहे. तिथे रस्त्याच्या मधोमध वेगळ्या एक्सप्रेस लेन आहेत. त्यांचा टोल गर्दीप्रमाणे मिनिटामिनिटाला बदलतो आणि कधीकधी डोळे पांढरे होतील इतका चढतो. मात्र गाडीत तीन किंवा अधिक माणसे असतील आणि ‘ईझीपास फ्लेक्स’ हे यंत्र असेल, तर टोल लागत नाही. या यंत्रावर एक लहानसा सरकता खटका असतो. तो माणसांची संख्या सांगणाऱ्या, म्हणजे ‘एचओव्ही’, बाजूला सरकवावा लागतो. साधा पास असेल तर सहा माणसे असूनही पैसे कापले जातात, आणि याच कारणाने चिडून लिहिलेली पत्रे मला दरवर्षी येतात. फ्लेक्स आधीच मागवून घ्यावा. या लेनची दिशा उलटसुलट होते: कामाच्या दिवशी सकाळी त्या वॉशिंग्टनकडे आणि दुपारनंतर वॉशिंग्टनबाहेर वाहतात, शनिवार-रविवारचे वेळापत्रक निराळे असते. त्यामुळे प्रवेशावरची पाटी पाहूनच आत शिरावे, आणि बंद असतील तर हळहळू नये.

रिचमंडच्या अलीकडे ८४ व्या एक्झिटला आय-२९५ फुटतो. तो रिचमंड आणि पीटर्सबर्ग या दोन्ही शहरांना वळसा घालून पुन्हा आय-९५ ला मिळतो, तो घ्यावा. अंतर थोडे वाढते, पण शहरातले जोड आणि वळणे टळतात.

व्हर्जिनियाबद्दल एक इशारा यजमानांना मुद्दाम वाचून दाखवावा. त्या राज्यात वेगमर्यादेपेक्षा ताशी वीस मैल किंवा त्याहून अधिक, किंवा मर्यादा काहीही असली तरी ताशी ८५ मैलांहून अधिक वेगाने गाडी चालवणे हा साधा वाहतूकनियमाचा भंग धरत नाहीत. तो बेदरकारपणे वाहन चालवण्याचा फौजदारी गुन्हा आहे. त्याला कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंड सांगितलेला आहे. तुरुंगात कोणी सहसा जात नाही हे खरे, पण व्हिसाच्या अर्जात अटक किंवा शिक्षा झाली आहे का हा प्रश्न असतो, आणि एच-१बी वर असलेल्या माणसाने सत्तरच्या मर्यादेवर शहाऐंशीने जाऊन त्या रकान्यात काय लिहायचे याचा विचार करत बसावे हे बरे नाही. रडार ओळखणारे यंत्र गाडीत लावणेही व्हर्जिनियात बेकायदा आहे.

मुक्कामासाठी नॉर्थ कॅरोलायनातील फेएटव्हिल किंवा लम्बर्टन ही गावे सुचवतो. दोन्ही साधारण अर्ध्या वाटेवर आहेत. पहाटे चारला निघून जेवणाच्या आणि पाय मोकळे करण्याच्या थांब्यांसह दुपारी तीन-चारपर्यंत, म्हणजे उजेडी, तिथे पोहोचता येते. दुसऱ्या दिवशी साधारण तेवढेच अंतर उरते. खोली आरक्षित करताना ‘फर्स्ट फ्लोअर’ मागावा, कारण अमेरिकेत तो म्हणजे आपला तळमजला. रस्त्याकाठच्या जुन्या दुमजली मोटेलांत लिफ्ट नसते आणि सासूबाईंना जिना चढावा लागतो. अशा मोटेलांपैकी पुष्कळ गुजराती कुटुंबांची आहेत, आणि काउंटरवर दोन शब्द हिंदीत बोलल्यावर सकाळी आयता चहा मिळाल्याचे मी अनेकदा अनुभवले आहे, पण हे गृहीत धरून निघू नये.

आता सासऱ्यांबद्दल. भारतीय परवाना आणि त्यासोबत आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना असेल, तर पाहुण्या माणसाला अनेक राज्यांत काही काळ गाडी चालवता येते. तरीही आपल्या विमा कंपनीने त्यांना चालक म्हणून लेखी मान्यता दिल्याखेरीज किल्ली देऊ नये, आणि मान्यता मिळाली तरी या प्रवासात देऊ नये असे मी म्हणेन. तीस वर्षे उजव्या बाजूला बसून डाव्या लेनने चालवणाऱ्या माणसाची चूक सरळ रस्त्यावर होत नाही. ती पेट्रोल भरून बाहेर पडताना, रिकाम्या चौरस्त्यावर, सवयीने वळण घेताना होते. त्यांना पुढच्या सीटवर बसवावे आणि पाट्या व मैलाचे आकडे वाचण्याचे काम सोपवावे. सातारकर माणूस हे काम मनापासून करील आणि चालकाला जागेही ठेवील. दोघा वडीलधाऱ्यांचा आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीचा कागद) आणि पासपोर्ट गाडीत हाताशी असावा, औषधे डिकीत न टाकता सोबतच्या पिशवीत असावीत, आणि दर दोन तासांनी सगळ्यांना खाली उतरवून पाच-दहा मिनिटे चालायला लावावे. या वयात तासन्‌तास पाय लोंबकळत बसल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

थांबण्याच्या जागांविषयी एक गोष्ट आधी कळली तर घालमेल वाचते. टर्नपाइकवर, डेलावेअरमध्ये आणि मेरिलँडच्या ‘चेसापीक हाउस’ व ‘मेरिलँड हाउस’ या थांब्यांवर पेट्रोल, खाणे, स्वच्छतागृह हे सारे रस्त्यालगतच मिळते. व्हर्जिनियापासून खाली तसे काही नाही. १९५६ च्या कायद्याने इंटरस्टेट रस्ते बांधायला घेतले तेव्हा सरकारी पैशाच्या रस्त्याकाठी दुकाने थाटून गावोगावच्या धंद्याच्या पोटावर पाय येऊ नये, असे ठरले. १९६० च्या आधीपासून असलेले थांबे वाचले. त्यामुळे दक्षिणेत रस्त्यालगतच्या ‘रेस्ट एरिया’त स्वच्छतागृह, बाकडी आणि यंत्रातली बिस्किटे एवढेच मिळते, तर पेट्रोल व जेवणासाठी एक्झिट घेऊन बाहेर जावे लागते. एक्झिटच्या आधी निळ्या पाट्यांवर तिथल्या पंपांची आणि उपाहारगृहांची चिन्हे असतात. दोन मुले आणि दोन ज्येष्ठ सोबत असताना रेस्ट एरिया दिसला की गरज नसतानाही थांबावे. आणि पेट्रोल कसे भरतात हे यजमानांना ठाऊक आहे ना, याची खात्री करून घ्यावी. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरण्यास कायद्याने मनाई असल्याने तिथे दहा-दहा वर्षे राहिलेली माणसे व्हर्जिनियातल्या पंपावर नोकराची वाट पाहत बसलेली मी पाहिली आहेत.

खाण्याचे उत्तर आपल्या सासूबाईंना माझ्याहून चांगले ठाऊक असेल. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग यांवर पहिला दिवस आणि दुसऱ्याची सकाळ निघते. दहीभात बर्फाच्या पेटीत ठेवल्यास पहिल्या दुपारी उत्तम लागतो. हॉटेलच्या खोलीत विजेच्या कुकरमध्ये खिचडी लावणारे बरेच जण आहेत आणि त्यांना मी दोष देत नाही, परंतु फोडणी घरूनच करून न्यावी. मोहरी तडतडताच धूर ओळखणारा भोंगा वाजून रात्री दहाला सगळे मोटेल अंगणात उभे राहिल्याची कथा मला दोन निरनिराळ्या कुटुंबांनी सांगितली आहे.

आय-८१ चा विचार जाताना करू नये. एडिसनहून आय-७८ ने पश्चिमेला जाऊन आय-८१ धरला की बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन दोन्ही टळतात, शेनान्डोआ खोरे दिवसाउजेडी देखणे आहे, पण ट्रकांची रांग संपत नाही, अंतर सुमारे शंभर मैलांनी वाढते, आणि पुढे आय-७७ वर फॅन्सी गॅपच्या घाटात धुके आणि बर्फ दोन्ही भेटू शकतात. डिसेंबरात समुद्रकाठचा रस्ता त्यामानाने सौम्य असतो. अर्थात बर्फाचा अंदाज असेल तर तोही सौम्य राहत नाही. ३ जानेवारी २०२२ रोजी फ्रेडरिक्सबर्गच्या आसपास बर्फ पडून आय-९५ वर शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या; त्यांत व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन होते आणि त्यांना रिचमंडहून वॉशिंग्टनला पोहोचायला २७ तास लागले. तेव्हा परतीच्या दिवशी हवामान पाहून एक दिवस पुढे-मागे करण्याची मुभा ठेवावी, गाडीत पांघरुणे आणि पाणी असावे, आणि व्हर्जिनियात शिरताना टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली असावी.

वाटेत पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण पाच वर्षांच्या मुलाला शेवटी फक्त ऑरलँडो हवे असते. एकच जागा निवडायची तर दुसऱ्या दिवशी दुपारी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिनला दोन तास द्यावेत. १५६५ मध्ये स्पॅनिश लोकांनी वसवलेले हे गाव आहे, आणि तिथला शिंपल्यांच्या दगडाचा किल्ला पाहताना अजिंक्यताऱ्याखाली वाढलेल्या माणसाला काहीतरी बोलावेसे वाटेलच.

प्रश्न : दक्षिणेला जाताना एक्झिटचे आकडे उतरत जातात आणि मग एकदम चढतात. याचा मेळ कसा लावायचा? (जर्सी सिटी)

उत्तर : मेळ सोपा आहे आणि एकदा कळला की जीपीएसची गरज निम्मी होते. दक्षिणोत्तर इंटरस्टेटला विषम क्रमांक देतात आणि ते पश्चिमेकडून पूर्वेला वाढतात. म्हणून पॅसिफिकच्या काठाने आय-५ तर अटलांटिकच्या काठाने आय-९५. पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम क्रमांक असतात आणि ते दक्षिणेकडून वर वाढतात. प्रत्येक राज्यात मैल त्याच्या दक्षिण सीमेपासून शून्याने सुरू होतात आणि दक्षिणेतल्या राज्यांत एक्झिटला त्या मैलाचाच आकडा देतात. दक्षिणेला जाताना एक्झिटचा आकडा म्हणजे ते राज्य संपायला उरलेले मैल. लम्बर्टनच्या आसपास एक्झिट २० दिसली की साउथ कॅरोलायना वीस मैलांवर आहे. तिथे ‘साउथ ऑफ द बॉर्डर’ नावाचे रंगीबेरंगी, काहीसे भडक ठिकाण आहे, ज्याच्या जाहिराती मुले वाटेत कितीतरी आधीपासून वाचू लागतात. सीमा ओलांडली की आकडा १९८ वर जातो, म्हणजे साउथ कॅरोलायनाचे तेवढे मैल उरले. पुढे जॉर्जियाचे ११२, आणि फ्लोरिडात एकूण ३८२. तीन आकडी क्रमांकात पहिला अंक सम असेल तर तो रस्ता बहुधा शहराला वळसा घालून पुन्हा मूळ रस्त्याला मिळतो. विषम असेल तर तो बहुधा शहरात जाऊन संपतो. डेटोनाला आय-९५ सोडून ऑरलँडोकडे वळताना मात्र आय-४ वर ‘वेस्ट’ची पाटी धरावी. आपण दक्षिणेला चाललो आहोत या समजुतीने ‘साउथ’ शोधत राहणारे थेट मायामीच्या वाटेला लागतात.

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहतो आणि फेब्रुवारीत ऑरलँडोला जाणार आहोत. आय-७५ वर कुठे सांभाळावे? (नोव्हाय)

उत्तर : आपल्याकडचे अंतर सुमारे १,१५० मैल आहे आणि फ्लोरिडातील वाइल्डवूडपर्यंत तो एकच रस्ता आहे, तिथे फ्लोरिडा टर्नपाइक घेतला की ऑरलँडो. सांभाळण्याच्या जागा तीन आहेत. पहिली सिनसिनाटी. तिथला ओहायो नदीवरचा ब्रेंट स्पेन्स पूल १९६३ चा, दुमजली, आय-७५ आणि आय-७१ या दोन्हींची वाहने वाहणारा, आणि लेन वाढवण्यासाठी कडेची मोकळी पट्टी काढून टाकलेला असा आहे. गाडी बंद पडली तर बाजूला घ्यायला जागा नाही. कामावर जाण्या-येण्याच्या वेळी तिथे पोहोचणार असाल तर आय-२७५ चा वळसा घ्यावा.

दुसरी जागा केंटकी आणि टेनेसीच्या सीमेवरचा जेलिको डोंगर. आपल्याला खंबाटकीची सवय असेल तर उताराची भीती वाटणार नाही, पण खंबाटकीत गोठलेला पाऊस पडत नाही. हा टप्पा दिवसाच पार करावा. पहाटे पाचला निघालात तर तसे होतेच आणि संध्याकाळच्या आत नॉक्सव्हिलला मुक्काम करता येतो. त्याच्या पुढे, चॅटनूगाच्या अलीकडे कॅल्हूनपाशी हायवासी नदीच्या खोऱ्यात दाट धुके उतरते. ११ डिसेंबर १९९० रोजी तिथे ९९ वाहने एकमेकांवर आदळून बारा माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यानंतर धुक्याचा इशारा देणारी दिव्यांची व बदलत्या वेगमर्यादेची यंत्रणा बसवण्यात आली. पाटीवर वेग कमी केलेला दिसला तर समोर रस्ता स्वच्छ असला तरी वेग कमी करावा. नॉक्सव्हिलहून फार पहाटे न निघण्याचे हेही एक कारण आहे.

तिसरी जागा अटलांटा, जिथे डोंगर नाही, नदी नाही, फक्त गाड्या आहेत. नॉक्सव्हिलहून सकाळी सातला निघाल्यास साडेदहाच्या सुमारास अटलांटा येते, आणि ती वेळ उत्तम. दुपारी तीननंतर तिथे पोहोचण्यापेक्षा चॅटनूगाला आणखी एक चहा घ्यावा आणि रात्री आठनंतर जावे. शहराच्या पोटातून जाणारा रस्ता सरळ आहे, बाहेरून आय-२८५ आहे. दोन्हींपैकी कोणता मोकळा आहे ते त्या क्षणी नकाशावर पाहूनच ठरवावे. मेकनला मात्र डोळे झाकून आय-४७५ घ्यावा.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी पुण्याहून मुलीकडे मेरिलँडमध्ये आलो आहोत. मुलगी आणि जावई आम्हाला मोटारीने फ्लोरिडाला नेणार म्हणतात, पण पत्नीला पाठीच्या दुखण्यामुळे दोन तासांवर बसवत नाही. आमच्यामुळे त्यांचा बेत मोडावा असे वाटत नाही. (रॉकव्हिल)

उत्तर : बेत मोडण्याची गरज नाही, कारण आपण राहता तिथून तासाभराच्या अंतरावर त्यावरचा उपाय उभा आहे. व्हर्जिनियात आय-९५ च्या अगदी लगत लॉर्टन येथून ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीची ‘ऑटो ट्रेन’ सुटते. माणसे डब्यांत बसतात, मोटारी त्याच गाडीच्या मागच्या बंद डब्यांत चढवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडात सॅनफर्डला सगळ्यांना एकदमच उतरवतात. तिथून ऑरलँडो अर्ध्या-पाऊण तासावर आहे. अंतर ८५५ मैल आहे. गाडी संध्याकाळी पाचला सुटते आणि साधारण सकाळी दहाला पोहोचते. मध्ये प्रवाशांची चढउतार कुठेही होत नाही. मोटारीशिवाय या गाडीचे तिकीट मिळत नाही, म्हणून चौघांनी एकाच मोटारीसह जावे.

आपल्या पत्नीसाठी झोपण्याची खोली घ्यावी, बसण्याची जागा नव्हे. फरक पैशांचा मोठा आहे, पण आडवे होता येणे हाच इथे मुद्दा आहे, आणि मुलगी-जावई बसण्याच्या जागेवर रात्र काढू शकतात. सगळ्या लहान खोल्यांत स्वतंत्र स्वच्छतागृह नसते, आणि डबे दुमजली असल्याने जिना असतो. तेव्हा आरक्षण करताना खालच्या मजल्यावरची खोली, किंवा चालण्या-उठण्याची अडचण असलेल्यांसाठी राखलेली खोली मागावी. खर्चाचा हिशेब करताना पेट्रोल, दोन वेळची जेवणे आणि वाटेतला मुक्काम वजा धरावा. सुट्टीच्या दिवसांचे दर लवकर चढतात, म्हणून तारीख ठरताच तिकीट काढावे. मोटार चढवण्यासाठी सुटण्याच्या काही तास आधी हजर राहावे लागते, आणि वॉशिंग्टनच्या वर्तुळाकार रस्त्यावरून तुम्हाला लॉर्टनला यायचे आहे. तेव्हा दुपारी बाराला घर सोडावे. मोटार एकदा डब्यात गेली की सकाळपर्यंत तिच्यातले काही काढता येत नाही. पाठीचा पट्टा, उशी, रात्रीची औषधे आणि शाल यांची पिशवी आधीच वेगळी बांधून हातात ठेवावी.